माई पहाटे नावं घ्यायची

माईला पुरायच्या दिवशी सकाळी माझ्या हाताला काम नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. अंगण झाडून झालं होतं, ते मी पुन्हा झाडलं. पाणी भरलेलं होतं, तरी विहिरीवर जाऊन आले. गोल स्वयंपाकघरात चटईवर माई होती, लाल ब्लाउज, पांढरी कॉलर, चर्चच्या गुरुवारच्या बायकांच्या मंडळाचा पुरा पोशाख घालून. भोवती भिंतीला टेकून बसलेल्या बाया गीतं म्हणत होत्या. मी आत जायची, जरा टेकायची आणि उठायची.

"शुवाई, बस की गं एका जागी," कोणीतरी म्हणालं.

"सासू गेली तरी डोळ्यांत टिपूस नाही हिच्या," दुसरी म्हणाली. हळूच म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतपत.

रडू येत नव्हतं हे खरं होतं. मला राग येत होता, आणि मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय ते कळत नव्हतं.

मी माईची थोरली सून. माझा नवरा झ्विजाई सीमेपलीकडच्या जोनीला कामाला गेला तेव्हा चेनाई माझ्या पोटात होती. पहिल्या वर्षी त्याने एक घोंगडी पाठवली, साखर पाठवली, आणि मग काहीच नाही. नाताळला जोनीहून गावची पोरं परत यायची, प्रत्येकाच्या तोंडी वेगळी गोष्ट. एकाने त्याला हॉटेलच्या मोरीत भांडी घासताना पाहिलं होतं. एक म्हणे तो खाणीत होता. एकाने तर त्याची तिथली बायकोसुद्धा पाहिली होती, लाल केसांची. चेनाई आता माझ्या नणंदेकडे शहरात शाळेला आहे, तिसरीत. इतकी वर्षं झाली.

आमच्याकडे नवरा वारला तर वर्ष झाल्यावर वडीलधारे बसतात आणि बाईला विचारतात, राहतेस का जातेस. जाते म्हणाली तर मानाने जाऊ देतात. माझा नवरा वारलाही नव्हता आणि होता असंही नव्हतं. त्यामुळे काका झिवानाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, दरवर्षी पीक निघालं की येऊन माईला विचारायचे, "वहिनी, झ्विजाईचं काय समजायचं?" आणि माई म्हणायची, "येणार आहे तो." एवढ्यावर बैठक उठायची. मी तोवर तिथे पाय दुमडून चटईवर बसलेली असायची. मला कोणी काही विचारायचं नाही.

मला जायचं होतं. नाक्यावरच्या गिरणीचा मागुरा, बायको वारलेला, शांत माणूस, दळण देताना आधी स्वतःच्या हाताचं पीठ पुसून मग पिशवी पुढे करायचा. त्याने निरोप पाठवला होता, एकदा नाही, दोनदा. घरच्यांनी सोडलं तर ये म्हणाला, चोरून नको. चोरून मलाही नको होतं. मला फक्त एक शब्द हवा होता, जा, आणि तो शब्द माईच्या विश्वासाखाली दबून बसला होता.

आणि विश्वास तरी कसला! सासरे गेले तेव्हा माई तरुण होती. तीन पोरं पदरात, माहेरचे न्यायला आले, तर म्हणाली, "मला देवाने इथे बसवलंय, त्याला विचारून सांगते." देवाने काय सांगितलं कोणास ठाऊक, ती गेली नाही. चर्च बांधायचं ठरलं तेव्हा नदीवरून रेती डोक्यावर आणली, आणि पुरुष मंडळी सावलीत बसून चर्चचं तोंड कुठल्या दिशेला असावं यावर वाद घालत होती तोवर हिचा ढीग त्यांच्या कमरेइतका झाला होता. पाद्रीबाबांनी प्रार्थना लवकर आटोपली तर दारात गाठून विचारायची, "भात करपत होता काय घरी?" पांढऱ्या झग्यातला एक बुवा एकदा अंगणात आला. एक बोकड द्या, तुमचा मुलगा कुठे आहे ते बघून सांगतो, म्हणाला. माईने त्याला नीट बसवलं, मक्याचं आंबट महेवू प्यायला दिलं आणि म्हणाली, "देवाला माझा मुलगा दिसतो आणि तुला माझा बोकड. मी देवालाच विचारते." बुवा महेवू संपवून गेला.

पण संध्याकाळच्या बसचा हॉर्न वाजला की हीच माई जागच्या जागी ताठ व्हायची. हातातलं काम टाकायची. "मीठ संपलंय," म्हणायची आणि नाक्यावरच्या दुकानाकडे सुटायची. बसमधून कोण उतरलं ते बघायचं, मिठाची पुडी घ्यायची, परत यायचं. आमच्या घरात मीठ कधी संपलं नाही. फळीवर पुड्यांवर पुड्या रचलेल्या होत्या. दमट हवेत त्यांना पाणी सुटायचं आणि भिंतीवरून ओघळ यायचे. ते पुसायचं काम माझं. दर नाताळाआधी झ्विजाईची रिकामी झोपडी शेणाने सारवायची, छपरात नवं गवत खोचायचं, तेही माझंच. पावसाने झोडपलेलं गवत मान वर करून खोचताना मी मनात म्हणायची, माई, तुझ्या देवाला सांग, छपरावर एकदा तरी तूच चढ.

आणि पहाट. घरामागे तो सपाट खडक आहे, ज्यावर आम्ही भुईमूग वाळवतो. माई उजाडायच्या आधी तिथे गुडघे टेकायची आणि मोठ्याने प्रार्थना करायची, देव पलीकडच्या टेकडीवर गुरं राखत असल्यासारखी. माझी झोपडी खडकाला लागूनच, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू यायचा. आधी मायदेई, म्हणजे माझी नणंद, आमची तेते, शहरातली. मग फनुएल, धाकटा दीर, उसाच्या मळ्यावर कामाला. मग फनुएलची बायको रोस्वेता. मग पाद्रीबाबा, त्यांचं पोट, चर्चचं छप्पर, देश चालवणारे. चेनाई शहरात शाळेला गेली त्याच आठवड्यात तिचंही नाव आलं. आणि सगळ्यात शेवटी झ्विजाई, आणि त्याच्यापाशी आली की ती देवाशी भांडायची, हिशोब मागायची, गप्प बसायची, पुन्हा सुरू करायची.

माझं नाव कधी आलं नाही. रोस्वेता वर्षातून दोनदा यायची आणि दर खेपेला एक तरी ताटली फोडायची, तिचं नाव होतं. माझं नव्हतं. अंथरुणात पडल्या पडल्या मी रोज वाट बघायची. आज येईल. आज तरी. मग माई आमेन म्हणायची, आणि मी उठून चूल पेटवायची. माझा राग होता तो हा. तिने मला बांधून ठेवलं होतं आणि वर तिच्या देवापाशी माझी ओळखसुद्धा करून दिली नव्हती.

तर त्या सकाळी मी तिसऱ्यांदा झाडू हातात घेतला, तेवढ्यात तेते मायदेई स्वयंपाकघरातून बाहेर आली. थोराड बाई, आवाजाने पत्रा थरथरावा अशी. ती चर्चला जात नाही आणि ते कोणापासून लपवतही नाही.

"टाक तो झाडू," ती म्हणाली. "अंगणाची साल निघेल. सोंगाची वेळ झाली."

आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं की पुरण्याआधी सुना त्याचे कपडे घालून त्याची नक्कल करतात. तो कसा चालायचा, कसा रागवायचा, काय खायचा. त्या वेळात सुनेच्या तोंडून काहीही निघालं तरी रागवायचं नाही. आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला असतो सहविरा, म्हणजे घराचा पिढीजात मित्र, ज्याला प्रेतापाशीही थट्टा करायची मोकळीक असते. आमचा सहविरा म्हातारा तोगारेपी, पुढचे दात नसलेला. तो केव्हाचा अंगणात उकिडवा बसून लोकांना छळत होता.

"अरे, रडताय काय?" तो काकांना म्हणाला. "वर गेली ती. आता देवाला झोप नाही. पहाटे उठवणार त्याला, आणि मीठ आणायला पाठवणार."

हशा झाला. रोस्वेता पुढे आली. माईचे रबरी बूट, माईचा डोक्याचा रुमाल. कमरेवर हात ठेवून ती सद्झा, म्हणजे मक्याची घट्ट उकड, घोटल्याची नक्कल करू लागली, मग एकदम मान वर केली, कान टवकारले. "मीठ संपलं!" म्हणून ओरडली आणि बूट फटफट वाजवत फाटकाकडे जी पळाली, की बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्यासुद्धा दारात येऊन हसत होत्या आणि रुमालाने डोळे पुसत होत्या. रोस्वेताला ते छान जमलं होतं. मला तिचा हेवा वाटला, तिला सगळं सोपं होतं.

"आता प्रार्थना!" तोगारेपी ओरडला. "ती शुवाईने करायची. दुसऱ्या कोणाला येणार? रोज कान लावून झोपायची ती."

माझ्या अंगावर कोणीतरी माईचा निळा कोट टाकला. त्याला तिचा वास होता, धुराचा आणि शेंगदाण्याचा. मी अंगणात गुडघे टेकले, घसा खाकरला, तिच्यासारखी हनुवटी पुढे काढली.

"हे बापा, उठलास का?" मी म्हटलं. लोक आधीच हसायला लागले. "ऐक नीट, परत सांगणार नाही. मायदेई. तुझ्याकडे येत नाही ती, तर तूच जा तिच्याकडे, तिचा चहा चांगला असतो. फनुएल. त्याची कंबर. रोस्वेता, आणि तिच्या हातातल्या ताटल्या. पाद्रीबाबा. त्यांचं पोट वाढतंय आणि प्रार्थना आखूड होतेय, त्याचं काहीतरी बघ."

पाद्रीबाबांनीही हसून हात वर केले. माझ्या आवाजात तिचा आवाज असा काही बसला होता की मला स्वतःलाच भीती वाटली. चर्चचं छप्पर झालं, चेनाई झाली. मग झ्विजाई आला. इथे तिच्यासारखं भांडायचं होतं, तेवढंच. लोक त्यासाठीच थांबले होते. पण मी तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"झ्विजाईचं राहू दे आता, बापा. थकले मी. जिथे ठेवलायस तिथे ठेव त्याला. पण माझ्या घरात एक शुवाई आहे. तिचं नाव मी तुझ्यापुढे कधी घेतलं नाही. आज घेते. तिला सोड. तिला जाऊ दे."

कोणी हसलं नाही. आत कोणीतरी हुंदका दिला. मी उठले, कोट काढला, घडी घालून चटईवर ठेवला. तोगारेपी माझ्याकडे बघत होता, त्याने थट्टा केली नाही.

सोंग आणि साक्ष यातलं अंतर आमच्या लोकांना चांगलं कळतं. पण रोज पहाटे माईचं ऐकणारी मी एकटीच होते, आणि आवाज इतका हुबेहूब होता. त्यामुळे सगळे धरून चालले, की शेवटी शेवटी माई खरंच असं म्हणू लागली होती. मला ते लगेच कळलं नाही. पेटी उचलून टेकाडाकडे निघालो तेव्हा मागच्या बाया कुजबुजत होत्या. "बघ, माईसुद्धा थकली शेवटी." "आईच ती, किती दिवस धरून ठेवणार?" मग कबरीपाशी पाद्रीबाबा बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या या बहिणीने आपल्याला शिकवलं, की विश्वासालाही एक दिवस हात सैल सोडावे लागतात."

मी पायाखालचं ढेकूळ टाचेने चिरडत राहिले. तरी गप्प राहिले, कारण कबर खोदणाऱ्यांत मागुरा होता, फावड्यावर हात टेकून उभा, आणि त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं होतं.

माती टाकून झाली. हात धुऊन लोक जेवायला बसले. सद्झा, भोपळ्याचा पाला, बैलाचं मटण. मी वाढत राहिले, ज्यांची ताटं भरलेली होती त्यांनाही. एवढ्यात काकांनी आंब्याखाली घरच्या लोकांना बोलावलं. पाद्रीबाबा होते, आणि गुरुवारच्या मंडळाची अध्यक्ष माई फिदेस, पुढे बसायची सवय असलेली. मी चटईवर पाय दुमडून बसले, दरवर्षी बसायची तशीच.

काकांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

"शुवाई, पोरी. आजवर तुझा नवरा आहे की नाही हे वहिनी ठरवत होती. तिचा शब्द आम्ही मोडला नाही. आज सकाळी तिचा शेवटचा शब्द तुझ्या तोंडून सगळ्यांनी ऐकला. तोही मोडणार नाही."

एवढंच ऐकायचं होतं मला. आता ते 'जा' म्हणणार, मी मान खाली घालणार आणि झालं. गप्प बसायचं होतं फक्त.

"झ्विजाईचं नाव आपण मिटवू," काका पुढे म्हणाले. "झोपडी मोडू. वासे चांगले आहेत, फनुएलला होतील. आईनेच नाद सोडला म्हटल्यावर आपण कशाला धरायचा?"

माई फिदेसने मान डोलावली. "मला तर कधीचंच दिसत होतं, काका. मंडळात गुडघे टेकायची खरी, पण प्रार्थना थंड पडली होती तिची. मी एक-दोघींना बोललेही होते."

"थंड?" मी म्हटलं.

"अगं, होतं असं. वयच झालं होतं."

"थंड?" मी उठून उभी राहिले होते. वडीलधाऱ्यांसमोर सुनेने उभं राहायचं नसतं. "माई फिदेस, तुमची सगळी मंडळी एकत्र पेटवली तरी तिच्या चुलीइतकी ऊब येणार नाही. थकली नव्हती ती! ते माझे शब्द होते. माझे. मी थकलेय. ती नाही थकली."

"शुवाई, खाली बस," फनुएल म्हणाला.

"नाही बसत. गुरुवारी पहाटे तिला श्वास पुरत नव्हता. मला म्हणाली, खडकावर ने. मी पाठीवर घेऊन गेले, पोराला नेतात तशी, पाठीला कापडाने बांधून. तिथे ती गुडघ्यावर उभी राहू शकेना म्हणून मी मागून धरून ठेवली होती. सगळी नावं घेतली तिने, एकही गाळलं नाही. आणि झ्विजाईपाशी आल्यावर काय म्हणाली सांगू? म्हणाली, 'मी मेले म्हणजे सुटलास असं समजू नकोस, बापा. तिथे येतेय. तोंडावर विचारीन.' हे म्हणाली ती. दुपारी गेली. कळलं? पाद्रीबाबा, तिने काहीही सैल सोडलं नव्हतं. तिच्या बोटांचे वळ अजून आहेत माझ्या मनगटावर."

मी मनगट पुढे केलं. पाद्रीबाबांनी ते बघितलं आणि टोपी काढली.

काकांचा आवाज चढला. "म्हणजे मेलेल्या बाईच्या तोंडी तू खोटं घातलंस? तिच्या कोटात? ती आत चटईवर असताना?"

"सोंग होतं ते, झिवानाई," तोगारेपी लांबूनच म्हणाला. तो अजून मटणाच्या हाडाशी झगडत होता. "सोंगाबद्दल कोणाला जाब विचारायचा नाही. नाहीतर तुझ्या बापाचं सोंग करताना मी जे बोललो होतो, त्याचा निकाल आधी लाव."

"तू गप्प रहा रे." काका माझ्याकडे वळले. "मग ठीक आहे. वहिनीचा जुना शब्द तोच खरा. झ्विजाई येणार आहे. तू त्याची बायको आहेस. तू थांबशील."

हे मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं. कोणीही मला विचारलं नव्हतं, कोणी शपथ घातली नव्हती. जिभेवर आलेला घास मी थुंकून टाकला होता, आणि कोणासाठी, तर जिने माझं नावसुद्धा घेतलं नाही तिच्यासाठी. लांबवर मागुराने फावडं खांद्यावर टाकलं आणि तो फाटकाबाहेर गेला. मला तिथे थांबवेना. मी आंब्याखालून निघाले, कणगीच्या मागे गेले, तिथेही उभं राहवेना म्हणून इकडून तिकडे चालत राहिले.

तेते माझ्यामागे आली. दंडाला धरून तिने मला कणगीखालच्या दगडावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. दगड दोघींना पुरत नव्हता.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "आणखी एक घटकाभर तोंड मिटलं असतंस तर सुटली असतीस."

"माहीत आहे मला."

"मग?"

"तिला थंड म्हणाली ती बाई."

तेतेने नाकातून श्वास सोडला. "माझी आई होती ती, शुवाई. मला नाही एवढा राग आला."

"तुम्हाला कशाला येईल?" मी म्हटलं, आणि मग जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. "तुमचं नाव होतं. रोज पहिलं. रोस्वेताचं होतं. त्या पाद्र्याच्या पोटाचंही होतं. माझं नाही, तेते. इतकी वर्षं मी भिंतीला कान लावून पडायची. एकदा सुद्धा नाही. शेवटच्या दिवशी मी तिला मागून धरून बसले होते, तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तेव्हाही नाही. मी कोण होते तिची? तिच्या मुलाची वाट बघायला ठेवलेली बाई?"

तेते हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अगं वेडे! तुला कोणी सांगितलंच नाही?"

"काय?"

"मी या घरात वाढले. लग्न होऊन जाईपर्यंत मी त्या प्रार्थनेत माझं नाव कधी ऐकलं नाही. कधी म्हणजे कधीच नाही. मीही रुसले होते, तुझ्यापेक्षा जास्त. दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हा मला म्हणाली, 'तू तर माझ्या हाताशी आहेस. तुला वाढते, तुझ्या डोक्याला तेल लावते, ताप आला तर उशाशी बसते. जे माझ्या हाताला लागतं ते देवाकडे कशाला मागू? जिथे हात पोचत नाही तेवढंच मी त्याला सांगते.' लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, पहाटे जाग आली, तर माझं नाव पहिलं. मी अंथरुणात रडले गं. मला कळलं, मी आता या घरातली राहिले नाही."

चेनाईचं नाव कधी आलं ते आठवलं. ती शहरात गेली त्याच आठवड्यात. तोवर चेनाई माईच्याच कुशीत झोपायची, आणि तोवर तिचंही नाव नव्हतं. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मी फक्त माझ्या नावाची वाट बघत होते.

"ती तुला जाऊ दे असं कधीच म्हणाली नसती," तेते म्हणाली. "मी ओळखते माझ्या आईला. झ्विजाईही हवा होता आणि तूही. हावरट होती ती, देव सोडून कोणी तिला तसं म्हणायला धजावलं नाही, एवढंच. पण आता तो हात मातीत गेला, शुवाई. या घरात आता तुला वाढणारं कोणी नाही. आणि सुनांचं काय करायचं ते काकांनी ठरवायचं नसतं, ते तेतेचं काम. काकांना मी बघते. तुला जायचंय का? आईचं राहू दे. तू सांग."

"हो," मी म्हटलं. "जायचंय."

"मग जा. चेनाई माझ्याकडे आहे तशी राहील, सुट्टीत तुझ्याकडे येईल. त्या गिरणीवाल्याला म्हणावं, रीतसर येऊन बोल, मी इथे रविवारपर्यंत आहे."

"आणि झ्विजाई आला तर?"

"आला तर बहिणीकडे येईल. चहा देईन, मग कानशिलात देईन."

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी तळमळले तो शब्द मिळाला होता, कणगीच्या सावलीत, अर्ध्या दगडावर बसून. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर झ्विजाई आला. कुठल्याशा मोरीत, किंवा खाणीत, किंवा मातीखाली. ज्याचं नाव ती रोज घ्यायची, त्याला तिच्या हातचा एक घास मिळाला नव्हता. मला रोज मिळत होता. थंडीत ती स्वतःची घोंगडी माझ्या पायांवर टाकायची आणि सकाळी ती माझी मीच ओढून घेतली असं भासवायची. चेनाईच्या वेळी मी दोन रात्री ओरडत होते तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि ती देवाचं नाव काढत नव्हती, ती फक्त म्हणत होती, मी आहे, मी आहे. मी ते प्रार्थनेत धरलं नाही. मी भिंतीला कान लावून बसले.

आणि मग मला रडू फुटलं. साधं नाही, पोटातून, गुरासारखं. मला आवाज आवरता येईना. मी तेतेच्या मांडीत डोकं घातलं आणि माई, माई, करत राहिले. अंगणातून लोक धावत आले, कोणाला काय झालं म्हणून. रोस्वेता आली, माई फिदेस आली, हातात हाड घेऊन तोगारेपी आला. मागून काका आले, धापा टाकत.

"हे काय आता?" काका म्हणाले. "सकाळपासून टिपूस नाही, आणि पुरून आल्यावर रडते?"

तेतेने माझ्या पाठीवरचा हात काढला नाही.

"रडू द्या तिला, काका," ती म्हणाली. "सोमवारी ती जायची आहे."